रुपयामागे चार पै

१८६३-६४ च्या हंगामात मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्याच्या माथी साऱ्याबरोबर एक नवी पट्टी आली. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा. हा आणा सरकारी तिजोरीत न मुरता ‘लोकल फंड’ म्हणून वेगळा राहायचा आणि त्याच जिल्ह्यात खर्च व्हायचा. त्यातले दोन हिस्से रस्त्यांसारख्या कामांना आणि एक हिस्सा शाळांना. आण्याच्या बारा पै धरल्या तर शाळेच्या वाट्याला रुपयामागे चार पै आल्या. दहा रुपये सारा भरणारा कुणबी दहा आणे उपकर देई, आणि त्यातले तीन आणे चार पै गावच्या नाही तर शेजारच्या गावच्या मास्तरांच्या पगाराला लागत. सुरुवातीला ही वसुली सरकारी हुकमानेच चालली. १८६९ च्या तिसऱ्या कायद्याने तिला रीतसर आधार मिळाला.

वर्सोवा, कोळ्यांच्या तोंडी वेसावे, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात होतं. मुंबई शहराची हद्द माहीमच्या खाडीपाशी संपत होती. खाडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा शाळेचा पैसा पुढची जवळपास नव्वद वर्षं दोन वेगळ्या वाटांनी येत राहिला. वेसाव्याचं गावठाण जागचं हललं नाही, पण त्याच्या शाळेचा धनी मात्र पुन्हा पुन्हा बदलला, आणि दर वेळी भांडणाचं मूळ एकच होतं: कोणी किती हिस्सा द्यायचा.

सक्तीचा आणा बसवण्याआधी सरकारने गोडीगुलाबीचा मार्ग चोखाळून पाहिला होता. १८५० च्या दशकात मुंबई इलाख्यात ‘अर्धस्वावलंबी’ शाळांची योजना आली. गावाने जागा द्यायची, मास्तरांचा निम्मा पगार वर्गणीतून उभा करायचा, मुलांकडून थोडी फी घ्यायची, मग उरलेला निम्मा पगार सरकार देईल. १८५४ च्या वुडच्या खलित्यानेही अनुदानाचं तत्त्व उचलून धरलं होतं, आणि १८५५ मध्ये शिक्षणखातं स्थापन होऊन अर्स्किन त्याचे पहिले संचालक झाले. कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी गावकरी उत्साहाने आकडे घालत, दुसऱ्या वर्षी टाळाटाळ होई आणि तिसऱ्या वर्षी वर्गणी थकलेली असे. पिकाने दगा दिला की सगळ्यात आधी मास्तरांचा पगार अडे. ज्यांची मुलं शाळेत जात नव्हती त्यांनी का द्यावं, हा प्रश्न तर चावडीवर कायमचाच होता. १८५९ मध्ये भारतमंत्री लॉर्ड स्टॅन्ले यांच्या खलित्याने या अनुभवावर बोट ठेवलं आणि प्राथमिक शाळांसाठी सक्तीची स्थानिक पट्टी बसवावी असं सुचवलं. चार वर्षांत मुंबई इलाख्याने ती बसवली.

साष्टीत या पट्टीचं गणित मात्र जरा तिरपं बसत होतं. उपकर जमिनीच्या साऱ्यावर होता आणि वेसाव्याच्या कोळ्याचं पोट समुद्रावर. त्याची मिळकत डोलजाळ्यात सापडायची, वलांड्यांवर वाळायची आणि कोळणीच्या पाटीतून बाजारात जायची. जमिनीच्या दप्तरात ती दिसायची नाही. शिवाय साष्टीतली पुष्कळ गावं खोतांच्या आणि बड्या जमीनदारांच्या ताब्यात होती. त्यांतल्या काही इस्टेटींना साऱ्यात सूट होती, आणि ती काढायला स्वतंत्र भारतात १९५१ साली ‘साष्टी इस्टेटी’ या नावानेच वेगळा कायदा करावा लागला. लोकल फंडात उपकराखेरीज टोलनाके, तरीचं (नावेचं) भाडं, कोंडवाड्यांचा दंड अशीही भर पडायची. म्हणजे खाडी ओलांडणारा, गाडी हाकणारा, मोकाट गुरासाठी दंड भरणारा असा प्रत्येक जण जिल्ह्याच्या सार्वजनिक कामांना आपापल्या परीने हातभार लावत होता. मोठा भार मात्र सारा भरणाऱ्या शेतकऱ्यावरच होता.

पैसा जमला, शाळा निघाल्या. पण शाळा निघाली म्हणून मुलं येतातच असं नाही, आणि कोळीवाड्यात तर नाहीच. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की घरात माणसं कमी पडत. बोंबलांच्या हंगामात मासळी किनाऱ्यावर आली की जोड्या लावून वलांडीवर टांगायच्या, संध्याकाळी उतरवायच्या, पावसाचा शिंतोडा दिसला तर धावत गोळा करायच्या; या कामाला दहा वर्षांचं पोर पुरेसं असे. हजेरीपट मात्र शेतकऱ्याचं आणि कारकुनाचं वेळापत्रक धरून चाले. शाळाखात्याचे डेप्युटी तपासणीला यायचे तेव्हा हजेरीपट आधी उघडायचे.

खाजगी आणि मिशनच्या शाळांची गोष्ट याहून कडक होती. १८६५ च्या सुमारास मुंबई इलाख्यात ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत आली. इंग्लंडमध्ये तीच पद्धत नुकतीच सुरू झाली होती. तपासनीस एकेका मुलाला पुढे बोलवी. वाचन, लेखन, गणित अशा एकेका विषयात तो उतरला की त्याच्या नावावर ठरावीक रक्कम शाळेच्या पदरात पडे. मुलगा अडखळला की शाळेचे पैसे गेले. वर्षभराची मेहनत त्या एका सकाळवर टांगलेली असल्यामुळे मास्तर काय करत, हे सांगायला नको. धडे पाठ करून घेणं, कच्च्या पोराला त्या दिवशी घरी बसवणं, तपासनिसाची मर्जी सांभाळणं हे सगळं ओघानेच आलं. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत बंद झाली. परीक्षेच्या आकड्यांवरून शाळेची किंमत ठरवण्याची सवय मात्र आपल्याकडे मागे राहिली.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोग मुंबई इलाख्यात साक्षी घेत होता. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं महात्मा जोतीराव फुले यांचं निवेदन त्याच्यापुढे आलं. त्यांचा मुद्दा सरळ हिशेबाचा होता. साम्राज्याच्या उत्पन्नातला मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो. वरच्या आणि श्रीमंत वर्गांचा त्यातला हिस्सा नगण्य. तरी शिक्षणावरचा सरकारी खर्च कॉलेजांकडे आणि वरच्या वर्गांकडे झुकलेला, आणि बहुसंख्य खेड्यांत प्राथमिक शाळेचा पत्ता नाही. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, मास्तर शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना नीट पगार द्यावा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षणासाठी म्हणून जो उपकर घेतला जातो तो त्याच कामी लागतो का, हाही सवाल त्यांनी टाकला. पुढच्याच वर्षी लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही लोकल फंडावर त्यांनी कोरडे ओढले. दान म्हणून शाळा मागण्याऐवजी कर भरणाऱ्याचा हक्क म्हणून ती मागणारा हा महाराष्ट्रातला पहिला ठणठणीत आवाज. आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे द्यावं असं सुचवलं, १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा कायदा झाला. पण बोर्डावर निवडून जाण्याचा आणि मत देण्याचा हक्क मिळकत असलेल्या मूठभरांनाच होता. चार पै देणारा हिशेब विचारायला अजून बोर्डाच्या दारातच उभा होता.

खाडीपलीकडे मुंबईत वाद वेगळाच रंगला होता. १८८८ च्या महापालिका कायद्याने प्राथमिक शाळा चालवणं आणि त्यांना मदत करणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरवलं. पण त्याच पालिकेकडून सरकार पोलिसांचा खर्चही घेत होतं. ज्या पोलिसांवर आमचा हुकूम चालत नाही त्यांचा पगार आम्ही का द्यायचा, असा नगरसेवकांचा सवाल होता. हा वाद बरीच वर्षं चिघळत राहिला. अखेर १९०७ च्या कायद्याने सौदा झाला: पोलीसखर्च सरकारने उचलावा, आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, देवी टोचणं आणि काही दवाखान्यांचा भार पालिकेने घ्यावा. मुंबईच्या मराठी-गुजराती शाळांचा आजचा जो संसार आहे त्याचा पाया या अदलाबदलीत आहे.

सक्तीचा प्रश्न मात्र लोंबकळत होता. १९०६ मध्ये मुंबई शहरात सक्ती शक्य आहे का हे पाहायला सरकारने समिती नेमली आणि तिने लोक अजून तयार नाहीत असा निर्वाळा दिला. मार्च १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आपलं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते किती जपून मांडलेलं होतं, हे त्यातल्या पैशाच्या कलमांवरून कळतं. ज्या भागात आधीच पुरेशी मुलं शाळेत जातात तिथेच सक्ती. महिना दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकांना फी माफ. खर्चाचे दोन हिस्से सरकारचे, एक हिस्सा स्थानिक संस्थेचा, आणि तो उभा करायला हवा तर खास शिक्षणपट्टी. इतकं करूनही मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडलं. जमीनदार प्रतिनिधींना पट्टीची धास्ती होती आणि सरकारला दोन हिश्श्यांची.

गोखल्यांचा धागा विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कायदेमंडळात उचलला. १९१८ चा त्यांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा. त्याने जिल्ह्यांतल्या नगरपालिकांना सक्ती करायची मुभा दिली. मुंबई शहरासाठी १९२० मध्ये वेगळा कायदा झाला आणि १९२५ मध्ये एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे गिरणगावच्या कामगार वस्तीत, सक्ती सुरू झाली. वेसाव्यापर्यंत ती पोचायला अजून फार वाट पाहायची होती.

१९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग ठाण्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा झाला आणि वेसावे त्यात गेलं. तीन वर्षांनी, रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री असताना, मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. त्याने शाळांचा कारभार शिक्षणखात्याकडून काढून जिल्हा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या स्कूल बोर्डांकडे दिला, आणि पैशाचं सूत्र घालून दिलं. मंजूर झालेल्या नव्या योजनेचा जो वाढीव खर्च होईल त्यातले दोन तृतीयांश सरकार लोकल बोर्डाला देईल. नगरपालिकेला मात्र निम्मेच. खेड्याची ऐपत कमी, शहराची जास्त, हा त्यामागचा विचार. शाळा स्थानिकांच्या हाती आल्या, पण तिजोरीची किल्ली वरच राहिली. मंदी आली, सरकारने हात आखडता घेतला, आणि नव्या योजनांचे कागद बोर्डाच्या कपाटात पडून राहिले. बोर्डं निवडणुकांच्या राजकारणात शिक्षकांच्या बदल्या करतात ही तक्रारही वाढली.

त्याच १९२३ साली, ४ ऑगस्टला, मुंबईच्या भंडारी समाजातून आलेल्या सी. के. बोले यांनी कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवल्या जाणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात आणि सरकारी शाळांमध्येही त्यांना मुक्त प्रवेश असावा, असा त्याचा आशय होता. या मागणीमागे जुना घाव होता: १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा वरपर्यंत पत्रव्यवहार होऊनही गावोगावी ओसरीवर नाही तर बाहेर बसण्याची रीत चालूच राहिली. ज्याच्या पैशाने शाळा चालते त्यालाच दाराबाहेर बसवता येणार नाही, हे बोल्यांच्या ठरावाचं मर्म. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना आकडेच समोर ठेवले: सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करतं. लोकांकडून दारूत जेवढं घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर लावा, अशी त्यांची मागणी होती.

दारूच्या पैशाचा हा प्रश्न दहा वर्षांनी दारात येऊन उभा राहिला. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. शिक्षणखातंही त्यांच्याकडेच होतं. काँग्रेसला दारूबंदी करायची होती आणि सक्तीचं शिक्षणही हवं होतं, पण शाळांचा पैसा बऱ्याच अंशी अबकारीतूनच येत होता. दारूच्या उत्पन्नावर मुलं शिकवायची ही गांधीजींना खुपणारी गोष्ट होती, आणि हस्तोद्योगातून आपला खर्च भागवणारी वर्ध्याची नई तालीम याच पेचातून पुढे आली. ताडी काढणारे भंडारी आणि ती पिणारे कष्टकरी यांनी भरलेल्या साष्टीत हा पेच पुस्तकी नव्हता. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबईत दारूबंदी आली आणि बुडालेलं उत्पन्न भरून काढायला शहर आणि उपनगरातल्या इमारती-जमिनींवर वार्षिक भाड्याच्या दहा टक्के कर बसला. उपनगरातले बडे जमीनदार सर बैरामजी जीजीभॉय यांनी त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. हा नावाने मालमत्ता कर असला तरी खरा आयकर आहे आणि तो बसवायचा अधिकार प्रांताला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पूर्णपीठाने ते फेटाळलं. साष्टीतला सार्वजनिक पैसा साऱ्यावरून इमारतीकडे सरकायला इथून सुरुवात झाली.

स्वातंत्र्याच्या वर्षी खेरांच्याच सरकारने १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा केला. बोर्डं राहिली, पण कारभाराची सूत्रं सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आली आणि खर्चाचा मोठा भारही सरकारनेच उचलला. जिल्ह्यांसाठी हा मोठा दिलासा होता. वेसाव्याला त्याचा अनुभव फार दिवस घेता आला नाही. १५ एप्रिल १९५० ला मुंबईची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली आणि अंधेरी-वर्सोवा महापालिकेत आलं. (मुलुंड-दहिसरला १९५७ पर्यंत थांबावं लागलं.) लोकल बोर्डाच्या शाळेत गेलेलं पोर दुसऱ्या वर्षी म्युनिसिपालटीच्या शाळेत जाऊ लागलं. बाकं आणि मास्तर तेच राहिले असतील, पण पगाराचा पैसा आता साऱ्यातून येण्याऐवजी घरपट्टीसारख्या पालिकेच्या करांतून येणार होता. सातबंगल्यापासून यारी रोडपर्यंतच्या खाजणात आणि वाड्यांत पुढे ज्या इमारती उठल्या त्यांच्या पट्टीचा वाटा या शाळांना मिळू लागला.

१९६२ मध्ये महाराष्ट्राने शहरी मिळकतींवर शिक्षण उपकराचा कायदा केला. पुढे त्याला रोजगार हमीची जोड मिळाली. आज वेसावे ज्यात येतं त्या के/पश्चिम वॉर्डातल्या मालमत्ता कराच्या देयकात सर्वसाधारण कर, जलकर, मलनिःसारण कर यांच्या खाली शिक्षणाच्या दोन ओळी दिसतात: एक महापालिका शिक्षण उपकर, दुसरी राज्य शिक्षण उपकर. पहिला पालिकेकडे राहतो. दुसरा पालिका गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, त्यामुळे गावठाणातल्या पुष्कळ लहान घरांना या ओळींची झळ लागत नाही. होडीच्या डिझेलवरचा कर मात्र कोळी आधी भरतो आणि परताव्याची वाट पाहतो.

पालिकेच्या उत्पन्नाचा मोठा झरा जकात होता. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि जकात बंद झाली. राज्याने कायद्याने भरपाईची हमी दिली, दर वर्षी आठ टक्के वाढ ठरवली, आणि पहिल्या हप्त्याचा ६४७ कोटींचा धनादेश समारंभाने दिला गेला. शाळांचा खर्च स्वतःच्या नाक्यावर गोळा होणाऱ्या पैशातून चालवणारी पालिका त्या दिवसापासून मोठ्या अंशी राज्याच्या हप्त्यावर आली. प्राथमिक शिक्षणाच्या अनुदानापोटी राज्याकडून येणं असलेली रक्कमही वर्षानुवर्षं साचत गेली. पालिकेच्या अर्थसंकल्पात राज्याकडच्या थकबाकीची जी यादी येते तिच्यात शिक्षण खात्याचा आकडा सगळ्यात मोठा असतो. तरीही २०२३-२४ चा शिक्षणाचा अर्थसंकल्प ३,३४७ कोटींचा होता. त्यातून आठ माध्यमांच्या आणि केंद्रीय मंडळाच्याही काही शाळा चालल्या आणि मुलांना वह्या-दप्तर-गणवेशासह २७ वस्तू मिळाल्या.

हा पैसा कमी की जास्त याहून, त्याचा हिशेब कोण विचारतं हा प्रश्न फुल्यांच्या काळाइतकाच जिवंत आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्याबरोबर शिक्षण समितीही गेली. पुढचे सलग काही अर्थसंकल्प प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. १८८४ च्या लोकल बोर्डावर मूठभरांनाच मत होतं. या वर्षांत तेवढेही निवडलेले सभासद टेबलाशी नव्हते.

१८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये लोकल फंडाचा जमाखर्च छापलेला आहे. परक्या सरकारचे ते आकडे असले तरी जिल्ह्यात किती उपकर जमला आणि त्यातलं शाळांवर किती गेलं हे त्यातून वाचकाला ताडून पाहता येतं. के/पश्चिम वॉर्डात शिक्षण उपकराच्या दोन्ही ओळींतून वर्षाला किती गोळा होतं, राज्याकडे गेलेल्यातलं किती परत येतं आणि वॉर्डातल्या शाळांवर किती लागतं, असा एका पानाचा ताळेबंद प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे दर जूनला ठेवायला लावावा. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिलेल्या आहेत. मागणी तिथूनच सुरू झाली पाहिजे.